त्रिसंयुजी क्रोमियम विलेपन

त्रिसंयुजी क्रोमियम विलेपन ही धातूच्या वस्तूवर विजेच्या साहाय्याने क्रोमियमचा पातळ, चकचकीत व गंजरोधक थर चढविण्याची एक पद्धत आहे. या पद्धतीच्या विद्रावात क्रोमियम हे +३ या ऑक्सिडीकरण अवस्थेत असते. त्यापूर्वी सुमारे अर्धशतकभर हे काम जवळजवळ सर्वत्र +६ अवस्थेतील, म्हणजे षट्संयुजी क्रोमियमच्या विद्रावातून होत असे आणि आजही अनेक ठिकाणी होते. षट्संयुजी क्रोमियम हे माणसाला कर्करोग करणारे द्रव्य असल्याचे सिद्ध झाल्यानंतर जगभरातील धातुविलेपन उद्योग हळूहळू त्रिसंयुजी विद्रावांकडे वळू लागला. शोभेच्या पातळ थरांच्या व जस्तावरील पॅसिव्हेशनच्या बाबतीत हे संक्रमण बरेच पुढे गेले आहे. यंत्रभागांवरील जाड व कठीण थरांच्या बाबतीत ते अपुरे आहे.

वस्तूवर शेवटी बसणारा विद्युत् विलेपनाचा थर दोन्ही पद्धतींत धातुरूप क्रोमियमचाच असतो. त्यामुळे क्रोमची तोटी फिरविणाऱ्याला किंवा सायकलचे हँडल धरणाऱ्याला या दोहोंतील फरक जाणवत नाही व त्याला अपायही होत नाही. फरक पडतो तो विद्रावाच्या टाकीजवळ दिवसभर उभ्या राहणाऱ्या कामगाराला आणि कारखान्याच्या खालच्या अंगाला त्याच नदीचे पाणी पिणाऱ्या गावांना.

संज्ञा

एका धातूवर दुसऱ्या धातूचा थर चढविण्यासाठी मराठीत मुलामा, गिलीट, कल्हई असे जुने शब्द आहेत. पैकी कल्हईत वितळलेले कथील तापलेल्या भांड्यावर फिरवले जाते; तेथे विजेचा संबंध नाही. विजेच्या साहाय्याने होणाऱ्या क्रियेला शास्त्रीय लेखनात ‘विद्युत् विलेपन’ म्हणतात, तर औद्योगिक वसाहतींत ‘प्लेटिंग’ हाच शब्द रूढ आहे. षट्संयुजी व त्रिसंयुजी विद्रावांना तेथे अनुक्रमे ‘हेक्स’ व ‘ट्राय’ आणि क्रोमियम ट्रायऑक्साइडाला नुसते ‘क्रोमिक’ म्हणण्याची पद्धत आहे. काटेकोरपणे पाहता येथे ‘संयुजा’ याऐवजी ‘ऑक्सिडीकरण अवस्था’ म्हणणे अधिक योग्य ठरेल. परंतु षट्संयुजी व त्रिसंयुजी ही विशेषणे आता पक्की झाली असल्याने या लेखात तीच वापरली आहेत.

इतिहास

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई निकोला वोक्लँ यांनी १७९७ मध्ये सायबेरियातून आलेल्या क्रोकोआइट या तांबड्या खनिजात क्रोमियमचा शोध लावला. या मूलद्रव्याची संयुगे पिवळी, नारिंगी, हिरवी, जांभळी अशी नाना रंगांची असल्यामुळे त्याला ‘रंग’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव मिळाले. पुढे हाच रंग त्याची अवस्था ओळखण्याची खूण ठरला : पिवळा-नारिंगी बहुधा षट्संयुजी, तर हिरवा किंवा जांभळट निळा त्रिसंयुजी.

विशेष असे की, विजेच्या साहाय्याने क्रोमियम मिळविण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न षट्संयुजी विद्रावातून झालेला नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेन यांनी १८५४ मध्ये क्रोमियमच्या क्लोराइडाच्या विद्रावातून हा धातू मिळवला. क्रोमिक आम्लातून तो मिळविण्याचे काम त्यानंतर दोनच वर्षांनी गॉयथर यांनी केले. म्हणजे आज ‘नवी’ म्हणून ओळखली जाणारी वाट मुळात अधिक जुनी आहे. मात्र त्या काळी त्रिसंयुजी विद्रावातून एकसारखा व चकचकीत थर मिळेना. त्रिसंयुजी क्रोमियमचा आयन पाण्याच्या सहा रेणूंना घट्ट धरून बसतो व सहजी ऋणाग्रावर उतरत नाही. ही अडचण सोडविण्यास पुढे शंभरहून अधिक वर्षे लागली.

१९२० मध्ये अमेरिकेतील जॉर्ज सार्जंट यांनी क्रोमिक आम्लात अल्प प्रमाणात सल्फेट मिसळून केलेल्या विलेपनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोलंबिया विद्यापीठातील कॉलिन फिंक व चार्ल्स एल्ड्रिज यांनी त्याच दशकाच्या मध्यास ही पद्धत कारखान्यात चालू शकेल अशा रूपात आणली. मोटारींचे बंपर, स्नानगृहांतील तोट्या, सायकली, शस्त्रक्रियेची अवजारे अशा असंख्य वस्तूंवर हा निळसर झाकेचा पांढरा थर दिसू लागला. त्रिसंयुजी विद्राव व्यापारी रूपात बाजारात येण्यास १९७० च्या दशकाचा मध्य उजाडला. ब्रिटनमधील आल्ब्राइट अँड विल्सन या कंपनीची ‘अलेक्रा ३’ ही प्रक्रिया त्यांतील आरंभीची होय.

षट्संयुजी विद्राव

परंपरागत विद्रावाची कृती साधी आहे. एक लिटर पाण्यात सुमारे २५० ग्रॅम क्रोमियम ट्रायऑक्साइड आणि सुमारे २.५ ग्रॅम सल्फ्यूरिक आम्ल घेतात. १०० : १ हे गुणोत्तर सांभाळले की विद्राव चालतो. धनाग्र शिशाच्या मिश्रधातूचे असते. शोभेच्या कामात वस्तूवर आधी निकेलचा १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा थर देतात व त्यावर क्रोमियमचा केवळ ०.२ ते ०.५ मायक्रोमीटरचा. गंजापासून खरे संरक्षण निकेल करते. क्रोमियम निकेलला काळवंडू देत नाही आणि ओरखड्यांपासून जपते.

या विद्रावाचा मोठा गुण म्हणजे त्याची सहनशीलता. थोडे लोखंड किंवा तांबे विरघळून आत आले तरी तो चालत राहतो. अनुभवी कारागीर बोमे मापक बुडवून, विद्रावाचा रंग व निघालेल्या वस्तूची झळाळी पाहून टाकी सांभाळू शकतो. लहान कारखान्यांत ही पद्धत इतकी रुजली याचे श्रेय तिच्या स्वस्ताईइतकेच या सोपेपणाला द्यावे लागते.

दोष मात्र गंभीर आहेत. टाकीला दिलेल्या विजेपैकी साधारणतः १० ते २० टक्केच क्रोमियमचा थर चढविण्याच्या कामी येते. उरलेल्या विजेने पाण्याचे विघटन होऊन ऋणाग्रावर हायड्रोजन व धनाग्रावर ऑक्सिजन सुटतो. त्यांचे असंख्य बुडबुडे पृष्ठभागावर येऊन फुटतात आणि प्रत्येक बुडबुड्यासोबत क्रोमिक आम्लाचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात. टाकीवर दिसणारा पिवळसर धूसरपणा हा वाफेचा नसून या तुषारांचा असतो. तो दाबण्यासाठी विद्रावात फ्लोरीनयुक्त फेसकारक द्रव्ये घालण्याची प्रथा पडली. त्यांपैकी परफ्लुओरोऑक्टेन सल्फोनेट हे द्रव्य निसर्गात जवळजवळ नष्टच होत नाही असे आढळले व २००९ मध्ये ते स्टॉकहोम कराराच्या यादीत घालण्यात आले. एका विषावर उतारा म्हणून वापरलेले द्रव्य दुसऱ्या यादीत गेले, असा हा प्रकार झाला.

आरोग्यावरील परिणाम

क्रोमेट आयनाची घडण सल्फेट आयनासारखी असते. शरीरातील पेशींना सल्फेटाची गरज असल्यामुळे त्यासाठीचे मार्ग त्यांच्या आवरणात असतात आणि त्याच मार्गांनी क्रोमेट आत शिरते. आत गेल्यावर त्याचे टप्प्याटप्प्याने क्षपण होऊन ते त्रिसंयुजी बनते. या प्रवासात तयार होणारी अल्पजीवी रूपे व शेवटचे त्रिसंयुजी क्रोमियम पेशीतील डीएनएला इजा करतात. याउलट बाहेरून आलेले त्रिसंयुजी क्रोमियम पेशीचे आवरण सहजी ओलांडू शकत नाही. दोन रूपांच्या विषारीपणात एवढे अंतर का, याचे उत्तर असे प्रवेशद्वारापाशीच सापडते.

विलेपन कामगारांत दिसणाऱ्या विकारांपैकी सर्वांत जुना परिचित विकार म्हणजे नाकाच्या पडद्याला पडणारे छिद्र. आरंभी नाकात आग होते, खपल्या धरतात, रक्त येते. पुढे पडदा हळूहळू झिजतो. पुष्कळदा या अवस्थेत वेदना नसते, त्यामुळे छिद्र पडल्याचे कामगाराच्या ध्यानातही येत नाही. हातावरच्या बारीकशा ओरखड्यात विद्राव गेल्यास खोल, वाटोळे व दीर्घकाळ न भरणारे व्रण होतात. कातडीला क्रोमियमची ॲलर्जी जडली तर ती बहुधा कायमची असते.

क्रोमेट रंगद्रव्याच्या कारखान्यातील कामगाराला नाकाचा कर्करोग झाल्याची नोंद स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे १८९० मध्येच झाली होती. अमेरिकेतील क्रोमेट उद्योगातील फुप्फुसाच्या कर्करोगावर मॅकल व ग्रेगोरियस यांचा अभ्यास १९४८ मध्ये आला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये षट्संयुजी क्रोमियमची संयुगे पहिल्या गटात, म्हणजे माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत ठेवली. धातुरूप व त्रिसंयुजी क्रोमियम तिसऱ्या गटात आहेत. त्या गटातील द्रव्यांविषयी असा निष्कर्ष काढण्यास पुरेसा पुरावा नसतो. पहिली नोंद आणि हे वर्गीकरण यांत शंभर वर्षे गेली, ही गोष्ट या विषयाच्या इतिहासात ठळकपणे नोंदवण्याजोगी आहे.

सर्वसामान्य लोकांपर्यंत हा प्रश्न पोहोचला तो कॅलिफोर्नियातील हिंकली गावामुळे. तेथील भूजलात षट्संयुजी क्रोमियम उतरल्याचे प्रकरण १९९६ मध्ये ३३.३ कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटले व त्यावर २००० साली ‘एरिन ब्रॉकोविच’ हा चित्रपट आला. ते क्रोमियम विलेपनाच्या टाकीतले नव्हते, वायुवाहिनीच्या केंद्रावरील शीतकरणाच्या पाण्यात गंजरोधक म्हणून घातलेले होते.

त्रिसंयुजी विद्राव

त्रिसंयुजी विद्रावात क्रोमियमचे प्रमाण लिटरमागे साधारणतः ५ ते २५ ग्रॅम, म्हणजे जुन्या विद्रावाच्या मानाने पुष्कळच कमी असते. क्लोराइड व सल्फेट असे त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. क्रोमियमच्या आयनाने घट्ट धरलेले पाण्याचे रेणू सुटे करण्यासाठी फॉर्मेटासारखी जटिलकारी द्रव्ये घालतात आणि सामू स्थिर ठेवण्यासाठी बोरिक आम्ल. क्लोराइड प्रकारात धनाग्र ग्रॅफाइटचे, तर सल्फेट प्रकारात मौल्यवान धातूंच्या ऑक्साइडांचा लेप दिलेल्या टायटॅनियमचे असते. धनाग्राची निवड चुकली तर विद्रावातील त्रिसंयुजी क्रोमियमचेच ऑक्सिडीभवन होऊन षट्संयुजी तयार होते आणि ते थोडेसे झाले तरी सारी टाकी बिघडते.

क्रोमियमचा एक अणू उतरविण्यास षट्संयुजी विद्रावात सहा इलेक्ट्रॉन लागतात, त्रिसंयुजीत तीन. वस्तूच्या खाचाकोपऱ्यांत थर अधिक चांगला पोहोचतो, कडा जळत नाहीत आणि मध्येच वीज गेली तरी सहसा माल वाया जात नाही. षट्संयुजी टाकीत विजेचा खंड पडला की थर दुधाळ होतो. वीजपुरवठा बेभरवशाचा असलेल्या भागांत हा लाभ किरकोळ मानता येणार नाही. विद्राव पातळ असल्यामुळे वस्तूला चिकटून धुण्याच्या पाण्यात जाणारे क्रोमियमही कमी असते.

उलट बाजूस, हा विद्राव नाजूक आहे. तांबे, जस्त, लोखंड किंवा निकेल यांचे दशलक्षात काही भाग एवढे अल्प अंश आले तरी थरावर काळे पट्टे उमटतात. ते काढण्यासाठी आयन-विनिमय रेझिनाची सोय ठेवावी लागते. सामू व घटकांचे प्रमाण नियमित तपासावे लागते, म्हणजे बोमे मापकाच्या जागी लहानशी प्रयोगशाळा येते. रसायनेही महाग पडतात. सुरुवातीच्या त्रिसंयुजी थरांची छटा किंचित काळपट असे. एकाच दुचाकीवर दोन पुरवठादारांचे भाग शेजारीशेजारी बसले की फरक उघड दिसे. नव्या विद्रावांनी ही तक्रार बरीच कमी केली आहे. उलट मुद्दाम गडद, धुरकट छटा देणारे त्रिसंयुजी विद्राव आता मोटारींच्या सजावटीसाठी मागितले जातात. षट्संयुजी पद्धतीने तशा छटा मिळवणे अवघड असते.

जस्तावरील पॅसिव्हेशन

नटबोल्ट, बिजागऱ्या, पत्र्याचे कंस अशा वस्तूंवर क्रोमियमचा धातू न चढवता जस्त चढवतात आणि मग ती वस्तू काही सेकंद क्रोमियमच्या विद्रावात बुडवतात. जस्तावर तयार होणारा हा संयुगांचा पापुद्रा जस्ताला पांढरा गंज येऊ देत नाही. लोखंडी सामानाच्या दुकानात दिसणारे सोनेरी-इंद्रधनुषी बोल्ट या क्रियेतून येत. जुन्या पिवळ्या पापुद्र्यात षट्संयुजी क्रोमियम तसेच राहते. विलेपित तोटीच्या बाबतीत वापरणाऱ्याला जी निर्धास्तता आहे, ती येथे नाही : ओल्या हाताने असे बोल्ट वर्षानुवर्षे हाताळणाऱ्या मेकॅनिकच्या कातडीचा क्रोमेटाशी थेट संबंध येतो.

त्या क्रोमेटाचा एक उपयोगही होता. पापुद्र्यावर ओरखडा पडला की दमट हवेत ते विरघळून ओरखड्यापर्यंत पसरे व जागा पुन्हा झाकून टाकी. त्रिसंयुजी पापुद्र्यात ही स्वतः भरून येण्याची शक्ती जवळजवळ नाही. ती उणीव पापुद्रा जाड करून व त्यावर वेगळा लेप देऊन भरून काढतात. मात्र उष्णता सोसण्यात त्रिसंयुजी पापुद्रा सरस ठरतो. पिवळा पापुद्रा साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या पुढे तडकून निकामी होऊ लागतो, त्रिसंयुजी १०० अंशांच्या पुढेही टिकतो; इंजिनाजवळच्या भागांना हे महत्त्वाचे आहे. बदलानंतर बोल्टांच्या आट्यांवरील घर्षण बदलले आणि तोच पाना तेवढ्याच जोराने फिरवूनही बोल्ट कमीजास्त आवळले जाऊ लागले. त्यामुळे घर्षण नियंत्रित करणारे लेप वापरात आले.

सांडपाणी

षट्संयुजी क्रोमियम पाण्यात विरघळते, मातीच्या कणांना फारसे चिकटत नाही आणि भूजलातून दूरवर जाते. त्रिसंयुजी क्रोमियम उदासीन पाण्यात हायड्रॉक्साइडाच्या रूपाने साका बनून खाली बसते. म्हणून षट्संयुजी सांडपाण्यावर प्रक्रिया दोन पायऱ्यांत होते. प्रथम सामू २ ते ३ वर आणून सोडियम मेटाबायसल्फाइट किंवा फेरस सल्फेट घालतात. पिवळे-नारिंगी पाणी हिरवे झाले की क्षपण पूर्ण झाल्याचे समजतात. त्यानंतर चुना किंवा कॉस्टिक सोडा घालून सामू ८ ते ९ वर नेतात व हिरवट गाळ वेगळा करतात.

या पहिल्या पायरीचा अर्थ ध्यानात घेण्यासारखा आहे. नियम पाळणारा षट्संयुजीचा प्रत्येक कारखाना शेवटी आपल्या सांडपाण्यातील क्रोमियम त्रिसंयुजीच करत आला आहे. त्रिसंयुजी विलेपनाने हेच काम शेवटच्या टाकीतून पहिल्या टाकीत, कामगाराने श्वास घेण्याच्या आधी, आणून ठेवले. शिवाय सांडपाण्यावरील प्रक्रियेची पहिली पायरी वगळता येत असल्यामुळे आम्ल व मेटाबायसल्फाइट यांचा खर्च वाचतो आणि गाळही कमी निघतो. विद्रावातील जटिलकारी द्रव्ये साका बसण्यात अडथळा आणतात, तेवढी दक्षता मात्र घ्यावी लागते.

पाण्यातील षट्संयुजी क्रोमियम डोळ्यांनी ओळखण्यावर विसंबता येत नाही. कायद्याच्या मर्यादेइतके क्रोमियम असलेले पाणी पेल्यात स्वच्छच दिसते. त्यासाठी डायफेनिलकार्बाझाइड हे अभिकारक वापरतात. षट्संयुजी क्रोमियम असल्यास आम्लयुक्त नमुना जांभळा होतो. वेगळा केलेला गाळही निर्धोक समजून उघड्यावर टाकता येत नाही, कारण मातीतील मँगनीजच्या ऑक्साइडांमुळे त्रिसंयुजी क्रोमियमचे काही अंशी पुन्हा षट्संयुजीत रूपांतर होऊ शकते. घातक कचरा नियम, २०१६ नुसार असा गाळ अधिकृत प्रक्रिया-केंद्राकडेच पाठवावा लागतो. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव व रायगड जिल्ह्यातील तळोजा येथे अशी केंद्रे आहेत.

कठीण क्रोम

हायड्रॉलिक सिलिंडरचे दांडे, शॉक ॲब्सॉर्बर, दुचाकीच्या पुढच्या चाकाचे फोर्क पाइप यांवर दहापासून काहीशे मायक्रोमीटर जाडीचा क्रोमियमचा थर देतात. त्याची कठिणता व्हिकर्स मापनश्रेणीवर ८०० ते १,००० च्या घरात असते आणि त्यातील सूक्ष्म भेगांत तेल धरून राहते. त्रिसंयुजी विद्रावातून एवढा जाड थर वाढवणे कठीण जाते : वेळ जाईल तसा उतरण्याचा वेग मंदावतो, थरात कार्बन येतो आणि तापवल्यावर भेगा रुंदावतात. विमानउद्योगात काही भागांवर टंगस्टन कार्बाइडाचा अतिवेगवान ज्योतीने फवारा मारून क्रोमला पर्याय शोधण्यात आला. पण नळीच्या आतल्या बाजूस तो फवारा पोहोचत नाही. त्रिसंयुजी कठीण क्रोमचे काही विद्राव कारखान्यात उतरले असले तरी ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक दांड्यापर्यंत पोहोचलेला, सर्वमान्य व स्वस्त असा पर्याय अजून रूढ झालेला नाही.

नियमन

युरोपीय संघाच्या २००० सालच्या जुन्या वाहनांविषयीच्या निर्देशाने वाहनांतील षट्संयुजी क्रोमियमवर बंदी आणली. गंजरोधक लेपांना १ जुलै २००७ पर्यंत मुदत होती. विजेच्या व इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी वजनाच्या ०.१ टक्के ही मर्यादा १ जुलै २००६ पासून लागू झाली. विलेपनाच्या टाकीतील क्रोमियम ट्रायऑक्साइडाचा वापर २१ सप्टेंबर २०१७ नंतर विशेष परवानगीशिवाय करता येईनासा झाला. एप्रिल २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाने काही कंपन्यांना एकत्रितपणे मिळालेली अशी परवानगी बहुतांशी रद्द ठरवली. त्याच वर्षी मे महिन्यात कॅलिफोर्नियाने शोभेच्या षट्संयुजी विलेपनाला २०२७ ची व कठीण क्रोमला २०३९ ची अखेरची मुदत ठरवून दिली.

भारतात पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ अन्वये विद्युत् विलेपन कारखान्याच्या सांडपाण्यात षट्संयुजी क्रोमियम लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम व एकूण क्रोमियम २ मिलिग्रॅम एवढेच असू शकते. दोन रूपांतील धोक्याचे अंतर या दोन आकड्यांतच दिसते. ई-कचऱ्याच्या २०११ च्या नियमांपासून उपकरणांतील षट्संयुजी क्रोमियमला ०.१ टक्क्याची मर्यादा आली. टाकीतील वापरावर मात्र युरोपसारखी सरसकट बंदी नाही. येथील कारखान्यांत बदल घडला तो मुख्यत्वे निर्यातीच्या अटींमुळे व वाहननिर्मात्यांनी पुरवठादारांना घातलेल्या अटींमुळे.

कामगाराच्या हवेविषयीचा नियम अधिक ढिला राहिला. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली झालेल्या दुरुस्तीने पाण्यात विरघळणाऱ्या क्रोमेटांसाठी दर घनमीटर हवेत ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम, ही मर्यादा घातली. अमेरिकेने २००६ मध्ये आपली ५२ मायक्रोग्रॅमची जुनी मर्यादा ५ वर आणली. महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ मध्ये क्रोमिक आम्लाच्या साहाय्याने होणाऱ्या विलेपनाला धोकादायक प्रक्रियांत स्थान असून टाकीच्या कडेने तुषार ओढून घेणारी यंत्रणा, हातमोजे, एप्रन व वैद्यकीय तपासणी यांची तरतूद आहे. परंतु विजेवर चालणाऱ्या व दहाहून कमी कामगार असलेल्या जागेला मूळ अधिनियम सामान्यतः लागू होत नसे. दोन टाक्या व चार-सहा माणसे एवढ्यावर चालणारी कितीतरी विलेपन केंद्रे त्यामुळे ज्या नियमांची त्यांना सर्वाधिक गरज होती, त्यांच्या बाहेरच राहिली.

गोदावरी खोरे आणि अंबड

महाराष्ट्रात क्रोमाइटाचे साठे सिंधुदुर्ग व भंडारा जिल्ह्यांत असले तरी देशातील बहुतेक उत्पादन ओडिशाचे आहे. विलेपनाचा धंदा खाणींपाशी न वाढता वाहनउद्योगाभोवती वाढला : पिंपरी-चिंचवड व भोसरी, मुंबई-वसई पट्टा, नाशिक आणि छत्रपती संभाजीनगर. यांपैकी शेवटची दोन शहरे गोदावरीच्या खोऱ्यात येतात.

या संदर्भात अंबड हे नाव दोनदा येते व त्यामुळे गोंधळ होतो. नाशिक शहरालगतची अंबड औद्योगिक वसाहत ही शेजारच्या सातपूरप्रमाणे यंत्रभाग व विलेपनाच्या लहानमोठ्या कारखान्यांची आहे. जालना जिल्ह्यातील अंबड हे मत्स्योदरी देवीच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले तालुक्याचे गाव. त्याच्या परिसरात कापूस, मोसंबी व ऊस होतो. जालना शहरात पोलाद उद्योग मोठा आहे, पण तेथे तयार होणाऱ्या बांधकामाच्या सळयांना क्रोमचे विलेपन लागत नाही. तेव्हा जालन्याच्या अंबडचा या विषयाशी संबंध कारखान्यामुळे येत नाही, पाण्यामुळे येतो.

नाशिकहून निघालेली गोदावरी नांदूर-मध्यमेश्वरवरून पैठणला येते. तेथील जायकवाडी धरणाचे उद्‌घाटन १९७६ मध्ये झाले. छत्रपती संभाजीनगरातून वाहणारी खाम नदी वाळूज औद्योगिक क्षेत्राजवळून याच धरणाच्या नाथसागर जलाशयाला मिळते. वाळूजला बजाज ऑटोचा दुचाकींचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला व त्याच्या आधाराने सुट्या भागांचे अनेक उद्योग वाढले. त्याच जलाशयातून निघालेला डावा कालवा अंबड तालुक्यातील शेते भिजवतो आणि तेथूनच जालना व अंबड या शहरांना पिण्याचे पाणी जाते. पैठणखाली गोदावरी अंबड तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून शहागडपाशी वाहत पुढे जाते. एका अंबडच्या टाकीत काय वापरले जाते याच्याशी दुसऱ्या अंबडच्या घागरीचा संबंध आहे तो असा.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० : २०१२ मध्ये, एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम आहे व ती शिथिल करता येत नाही. हे मानक दोन रूपांत भेद करत नाही. गावाच्या नळाच्या पाण्याची नेहमीची तपासणी झाली तर तिच्यातून एकूण क्रोमियम कळते. त्यातले किती षट्संयुजी, हे जाणून घेण्यासाठी जांभळ्या रंगाची ती वेगळी चाचणी मुद्दाम मागावी लागते.

शिल्लक प्रश्न

‘षट्संयुजीमुक्त’ असे लेबल लागलेल्या कारखान्यातही हे द्रव्य पूर्णपणे हद्दपार झालेले असतेच असे नाही. एबीएस प्लास्टिकच्या वस्तूंवर धातू चिकटावा म्हणून पृष्ठभाग प्रथम क्रोमिक व सल्फ्यूरिक आम्लांच्या मिश्रणात खरवडून घेतात. वरचा थर त्रिसंयुजी असला तरी ही पहिली टाकी षट्संयुजीच असते. परमँगनेटावर आधारलेले पर्याय तिच्यासाठी पुढे येत आहेत. जस्तावरील त्रिसंयुजी पापुद्र्यात गंजरोध वाढवण्यासाठी कोबाल्ट घालतात. अशा पापुद्र्यात दमट व उष्ण साठवणीत षट्संयुजी क्रोमियमचे अल्प अंश तयार होऊ शकतात, म्हणून कोबाल्टविरहित विद्रावांकडे कल वाढला आहे. बोरिक आम्ल हेही प्रजननक्षमतेला अपायकारक म्हणून युरोपच्या चिंताजनक द्रव्यांच्या यादीत आहे. जुन्या टाक्या रिकाम्या करताना उरलेल्या क्रोमिकचे काय करायचे, हा प्रश्न तर प्रत्येक बदलणाऱ्या कारखान्यापुढे पहिल्याच दिवशी उभा राहतो. ते विद्राव तशाच दुसऱ्या केंद्राला विकले गेले तर टाकीची जागा तेवढी बदलते. त्याचे क्षपण करून, गाळ तोलून व नोंदवून अधिकृत केंद्राकडे पाठवणे हा कायदेशीर मार्ग आहे आणि संक्रमणाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकात तो बहुधा सर्वांत शेवटी लिहिला जातो.